सुई कुठे टेकली

रविवारी सकाळी डिश मायक्रोस्कोपखाली घेतली, तर आठ फलित अंड्यांपैकी सहा अंडी आदल्या दिवशी होती तशीच. एकेक पेशी. गोल, नितळ आणि ढिम्म.

खरं तर त्या वेळेला प्रत्येकात चार पेशी दिसायला हव्या होत्या. दोनांत दिसत होत्या. उरलेल्या सहांसाठी मी फोकस वरखाली केला, डिश फिरवली, लेन्स पुसली. मग उठले आणि लॅबमध्ये चकरा मारायला लागले. आमची लॅब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात पावलांची. त्यात चकरा मारणं म्हणजे वळत राहणं.

"सुजातादि, तू हिंडल्याने त्यांच्या पेशी एकाच्या चार होणार नाहीत," मौसमी म्हणाली. "बस."

मौसमी माझी सहकारी. हावड्याची. माझ्याच वयाची, पण माझ्या दुप्पट शांत. मला बसायला सांगणं हे गेली नऊ वर्षं तिचं जादा काम आहे. (आम्ही आपसात बंगाली आणि इंग्रजीची खिचडी बोलतो. इथे सगळं मराठीत लिहिते.)

मी एम्ब्रिऑलॉजिस्ट आहे. मूळची मिरजेची. नवऱ्याच्या बदलीने कोलकात्याला आले आणि पुढच्या बदलीच्या वेळी "मी येत नाही" म्हणून शहराच्या बेहाला भागात घट्ट बसले, कारण इथल्या आयव्हीएफ क्लिनिकमधलं काम मला सोडवेना. क्लिनिकमध्ये पेशंटना डॉक्टर दिसतात, सिस्टर दिसतात. मी दिसत नाही. ऑपरेशन थिएटर आणि लॅबच्या मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी आहे. बाईच्या शरीरातून काढलेली अंडी त्या खिडकीतून माझ्याकडे येतात. शुक्राणू कमी किंवा मंद असतील तर ते आपसूक अंड्यात शिरत नाहीत. मग एकेक शुक्राणू काचेच्या बारीक सुईत ओढून एकेका अंड्यात सोडावा लागतो. याला इक्सी म्हणतात. ते करणारा हात माझा.

आम्ही सहसा डिशवरचं नाव ओळखतो, माणूस ओळखत नाही. या डिशवर नाव होतं रेखा जाधव, आणि हे माणूस मी ओळखत होते.

नायब सुभेदार जाधव फोर्ट विल्यमला पोस्टिंगवर होते. गाव साताऱ्याजवळचं. रेखाताई अडतीस वर्षांच्या. याआधी दुसऱ्या गावांत, दुसऱ्या पोस्टिंगवर, दोनदा हाच उपचार झालेला आणि दोन्हीदा फसलेला. क्लिनिकमध्ये मराठी बोलणारी मी एकटीच, त्यामुळे पहिल्या भेटीला डॉक्टर चॅटर्जींनी मला लॅबमधून बोलावून घेतलं होतं. रेखाताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाइल काढली आणि दोन कागद माझ्यापुढे सरकवले. दोन्हींवर एकच वाक्य होतं: पूअर ऊसाइट क्वालिटी. ऊसाइट म्हणजे अंडं.

"मोबाइलवर अर्थ बघितला मी," त्या म्हणाल्या. "अंडी खराब. सासूबाईंना ह्यांनी वाचून दाखवलं. तेव्हापासून घरात काही बिघडलं, दूध जरी नासलं, तरी माझ्याकडंच बघतात."

जाधव छताकडे बघत होते. मार्चमध्ये त्यांची बदली सीमेवर होणार होती, रेखाताई गावी जाणार होत्या. त्याआधी जे काही व्हायचं ते इथे व्हायला हवं होतं. आणि आता ही सहा अंडी.

यात काय बिघडलं होतं ते कळायला थोडी माहिती लागेल. पेशी एकाची दोन होते तेव्हा आतली गुणसूत्रं सारखी वाटून दोन टोकांना न्यावी लागतात. ओढून न्यायला बारीक दोऱ्या असतात आणि त्या दोऱ्या धरायला दोन्ही टोकांना कुणीतरी उभं लागतं. हे काम सेंट्रोसोमचं. शाळेच्या पुस्तकात तारककाय असा शब्द वाचलेला काहींना आठवेल, परीक्षेनंतर तो कुणाच्या कामी येत नाही. मोठ्या चादरीची घडी घालताना दोघी जणी समोरासमोर टोकं धरून उभ्या राहतात, तसं समजा. एकटीने घातली तर बोळा होतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. माणसाच्या अंड्यात सेंट्रोसोम नसतो. अंड्यात अन्न असतं, ऊर्जा असते, बाळाचे पहिले दोन-तीन दिवस निघतील एवढी सगळी शिदोरी असते, पण पिकताना अंडं हे एक सामान टाकून देतं. ते येतं बापाकडून. शुक्राणूच्या डोक्याखाली, मानेपाशी, एक सूक्ष्म दाणा असतो. अंड्यात गेल्यावर तो भोवतीचं सामान गोळा करतो, सेंट्रोसोम उभा करतो, दोऱ्या पसरतो आणि आईचं केंद्रक बापाच्या केंद्रकाजवळ आणतो. मग एकाचे दोन सेंट्रोसोम होतात आणि दोन टोकांना जातात. त्यानंतर पेशी दुभंगते.

आमच्या सहा अंड्यांत आईचं केंद्रक होतं, बापाचं होतं. दोन्ही एकमेकांपासून लांब, रुसून बसल्यासारखी. त्यांना जवळ आणणारंच कुणी नव्हतं.

आणि हे मी शनिवारीच पाहिलं होतं. शुक्रवारी अंडी टोचली की शनिवारी सकाळी केंद्रकं मोजायची असतात. नऊपैकी आठांत दोन दिसली होती. फॉर्मवर रकाना आहे तो संख्येचा. दोन दिसली की दोन लिहायचं आणि डिश पुन्हा इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. लांब आहेत की जवळ, हे कुणी विचारत नाही. माझ्या मनात खुट्ट झालं होतं. पण पूजेच्या आधीचा शनिवार होता, आणि सगळ्या डिशेस उरकायच्या होत्या.

पूजेचं हे आमच्याकडचं गणित सांगायला हवं. दुर्गापूजेत कोलकात्यात कुठलंही काम होत नाही. त्यामुळे जेवढ्या पेशंटची अंडी पूजेआधी काढता येतील तेवढी काढून मोकळं व्हायचं, अशी सगळ्यांचीच धडपड असते. औषधांचे दिवस आधीपासून तसे जुळवतात. एरवी दिवसाला दोन केस असतात, त्या शुक्रवारी पाच होत्या. थिएटरच्या खिडकीवर सारखी टकटक चालली होती.

मी रेखाताईंना फोन लावला.

"ताई, किती?" त्यांनी विचारलं. हॅलो नाही, काही नाही.

"दोन."

"आठाची दोन?"

"हो. बाकीच्यांची विभागणी झाली नाही."

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं ते थांबलं. रेखाताई क्वार्टर्समधल्या बायकांचे ब्लाउज शिवून देत. "अंडीच खराब निघाली असतील," त्या म्हणाल्या. "दोन दवाखान्यांनी लिहून दिलंय. तुमचा तिसरा."

इथे मी "अजून माहीत नाही" एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "उद्या साडेनऊला या. उपाशी यायची गरज नाही."

सोमवारी ती दोन भ्रूणं गर्भाशयात सोडली. काम झाल्यावर चॅटर्जी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर चांगले डॉक्टर आहेत आणि वाईट माणूस तर मुळीच नाहीत. त्यांच्यापुढे रिपोर्टचा कागद होता.

"फेल्ड क्लीव्हेज. विभागणी झाली नाही. कारण काय लिहायचं?"

"सर, सहाही अंड्यांत केंद्रकं लांब होती. मला सेंट्रोसोमचा प्रश्न वाटतो."

"म्हणजे शुक्राणूचा दोष?"

"असेल. त्यांच्या शुक्राणूंच्या शेपट्या आखूड आहेत. किंवा..."

"किंवा काय? आधी बस बरं तू."

मी बसले. "किंवा माझ्या हाताचा."

सरांनी चष्मा काढला. "तू हजारो इंजेक्शनं केलीस. त्याच दिवशी बाकीच्या चार पेशंटची अंडी छान विभागली. बाई अडतीसची, आधीचे दोन रिपोर्ट अंड्याकडे बोट दाखवतात. नऊ अंड्यांवरून तू तुझ्या हाताचा निकाल लावणार?"

"नऊ अंड्यांवरून तिच्या अंड्यांचा लावतोय ना आपण?"

"मी खोटं लिही म्हणत नाही. आपल्याला माहीत नाही, एवढंच म्हणतोय."

"मग तसंच लिहू या."

"माहीत नाही असं लिहून पेशंटच्या हातात देता येत नाही, सुजाता," ते म्हणाले आणि त्यांनी कागद भरला. मी वाचला नाही. काय लिहिलं ते मला माहीत होतं. खाली लॅबच्या सहीच्या जागी मी सही केली.

त्यानंतर पूजा सुरू झाली आणि मला घरात बसवेना. आमच्या इमारतीसमोरच मंडप होता. ढाक वाजत होते, लाउडस्पीकरवरून हरवलेल्या मुलांची नावं पुकारत होते, पूजेसाठी सुट्टीवर आलेला नवरा म्हणत होता चल, भोग घेऊन येऊ. मी किचनचे डबे पुसले, पुसलेले पुन्हा पुसले, माळ्यावरचं सामान खाली काढलं आणि तसंच वर टाकलं. डोळे मिटले की ती दोन केंद्रकं दिसायची. सुट्टीतही रोज कुणीतरी लॅबमध्ये जाऊन इन्क्युबेटर आणि नायट्रोजनच्या टाक्या बघून यायच्या असतात. अष्टमीची पाळी मौसमीची होती. ती मी मागून घेतली. ती नुसती "घे" म्हणाली, पण तिला कारण कळलेलं असणार.

अष्टमीच्या सकाळी रिकाम्या क्लिनिकमध्ये मी टाक्या बघितल्या, रजिस्टर भरलं आणि मग संगणक उघडला. मायक्रोस्कोपला कॅमेरा आहे. नव्या लोकांना शिकवायला म्हणून सर प्रत्येक इंजेक्शनचं रेकॉर्डिंग करायला लावतात. ते परत कधी कुणी बघत नाही.

मी काय शोधत होते ते सांगते. शुक्राणू पळत असतो. पळता शुक्राणू उचलता येत नाही, शिवाय अंड्यात गेल्यावर त्याने शेपटी हलवणंही बरं नाही. म्हणून आधी सुई शेपटीवर टेकवून हलकेच दाबायची. शेपटीला बाक येतो, तो थांबतो. मग त्याला सुईत ओढून घ्यायचा. दाबायचं ते शेपटीच्या मधोमध किंवा त्याहून खाली. मानेजवळ नाही, कारण सेंट्रोसोमचा तो दाणा तिथेच असतो. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि पुढे ते हाताला पाठ होतं. हाताला पाठ झालेलं डोळा तपासत नाही, हा त्यातला धोका.

पहिली क्लिप. सुई शेपटीच्या मधोमध. दुसरी, थोडी खालीच. छान. तिसऱ्या क्लिपमध्ये सुई वर सरकलेली होती. चौथ्यात मानेला जवळजवळ चिकटून. पुढे सगळ्यांत तेच.

मला तो क्षण आठवला. दुसरं अंडं झालं आणि खिडकीवर टकटक झाली होती. पुढच्या पेशंटची अंडी तयार होती. मी न वळता "हो हो" म्हटलं होतं आणि वेग वाढवला होता. वेग वाढवला की माझा हात शुक्राणूच्या डोक्यावर नजर ठेवून ठरावीक अंतरावर सुई टेकवतो. लांब शेपटीच्या शुक्राणूत ते अंतर मधोमध येतं. बाकीच्या चार पेशंटच्या बाबतीत तसंच आलं असणार. जाधवांच्या शुक्राणूंच्या शेपट्या आखूड होत्या. तिथे तेच अंतर मानेवर आलं.

विभागलेली दोन अंडी कुठली, हे मी रजिस्टरमध्ये पाहिलं. क्रमांक एक आणि दोन.

पहिल्यांदाच मला कुणी न सांगता मी बसले.

तरी मन पळवाट शोधतंच. कुठलं अंडं विभागलं हे मला माहीत होतं, तेव्हा मला हवं तेच दिसत असेल. म्हणून मी मौसमीला नऊ क्लिप पाठवल्या, क्रम बदलून, पेशंटचं नाव न सांगता. "कुठे मान दाबली गेली तेवढं सांग." ती माहेरी हावड्याला होती, घरी पाहुणे. तासाभराने तिचा फोन आला.

"सातांत दाबली आहे. दोनच चांगल्या आहेत." तिने त्या दोन्हींचे क्रमांक सांगितले. तेच ते दोन. सातांपैकी सहा अंडी विभागली नव्हती आणि एक तर फलितच झालं नव्हतं.

"कोणी केलंय हे?" मौसमीने विचारलं.

"मी."

मागून तिच्या आईचा जेवायला बोलावणारा आवाज येत होता. मौसमी म्हणाली, "सरांना मी सांगू की तू सांगतेस?"

सुट्टी संपल्यावर मी सांगितलं. सरांनी क्लिप तीनदा पाहिल्या. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. "हा पुरावा नाही," ते म्हणाले. "आखूड शेपटीच्या शुक्राणूत सेंट्रोसोमच सदोष असू शकतो. पहिले दोन नशिबाने चांगले निघाले असतील."

"शक्य आहे."

"मग पेशंटला काय सांगणार आहेस?"

"हेच. तीन शक्यता आहेत आणि त्यातली एक मी आहे. रिपोर्टवर मात्र एकच लिहिलीय, तीही तिच्या नावावर."

सर खिडकीपासून परत खुर्चीत येऊन बसले. मग म्हणाले, "सांग. पण मी खोलीत असेन."

दोन आठवड्यांनी रेखाताईंची रक्ततपासणी झाली. निगेटिव्ह. सोडलेली दोन्ही भ्रूणं रुजली नव्हती. त्या दिवशी जाधव नवराबायको केबिनमध्ये बसले होते आणि टेबलावर दात्या बाईची अंडी वापरण्याचा संमतीचा फॉर्म होता. अंडी खराब असली की पुढची पायरी तीच. रेखाताईंनी पेन उघडूनसुद्धा ठेवलं होतं.

"रेखाताई, सही करू नका," मी म्हटलं. "आधी माझं ऐका."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. शुक्राणू म्हणजे काय, शेपटी कुठे, मान कुठे, सगळं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. चादरीची घडी सांगितली. ती घालणारं अंड्यात नसतं, बापाकडून येतं, हे सांगितल्यावर रेखाताई पहिल्यांदा मान वर करून बघायला लागल्या.

"ह्यांच्याकडनं येतं?"

"हो."

"आन् हे आजपतोर मला कुणी सांगितलं न्हाई?"

जाधव खुर्चीत अवघडले. मग मी क्लिप लावल्या. पहिली. दुसरी. तिसरी. चौथीला रेखाताईंनी माझा हात धरून थांबवलं. "सुई वर टेकली ही."

"हो."

"मी ब्लाउज शिवते, ताई. सुई कुठं टेकली ते मला दिसतं." त्या माझ्याकडे वळल्या. "कुणाचा हात आहे हा?"

"माझा."

सरांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण ते जाधवांकडे बघत होते. जाधव उठले. सहा फुटांचा गडी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या.

"म्हंजे तुम्ही आमची सहा..." ते रेखाताईंकडे वळले. "आन् कागदावर हिचं नाव घातलं? तुमची सही हाय त्याच्यावर!"

"आहे."

"आमच्या लाइनीत असलं केलं असतं तर पट्ट्या उतरवल्या असत्या!"

ते बाहेर गेले. दार आपटलं. मला वाटत होतं आपणही उठून जावं, कुठेही, नुसतं चालत राहावं. पण रेखाताई माझ्यासमोर होत्या आणि त्या उठल्या नव्हत्या.

"खात्री हाय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नाही. अंड्याचा दोष असू शकतो, जाधवांच्या बाजूचा असू शकतो. पण मला वाटतं माझ्या सुईचा आहे. कळायचा एकच मार्ग आहे. तुमचीच अंडी घेऊन पुन्हा करायचं, आणि शेपटी खालीच दाबायची. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा भूल. आणि तरीही हेच झालं, तर मग हा फॉर्म."

"कोण करणार?"

"मौसमी करेल. तिचा हात माझ्यापेक्षा..."

"न्हाई." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्हीच करा. जिच्याकडनं एकदा शिवण चुकली, ती दुसऱ्यांदा त्या जागी डोळे फाडून बघती. नव्या बाईला काय ठाव, कुठं चुकलं ते?"

जाधव बाहेर बाकावर बसले होते. रेखाताई त्यांच्याजवळ गेल्या, काहीतरी बोलल्या. ते बराच वेळ मान हलवत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण जाताना सरांना हिंदीत म्हणाले, "जनवरी में करेंगे."

जानेवारीपर्यंतचे दिवस कसे गेले ते माझ्या घरच्यांना विचारा. मी जेवता जेवता उठायचे. मेट्रोत सीट मिळाली तरी उभी राहायचे. मनात एकच कोडं उलटसुलट चालायचं. या वेळी अंडी विभागली नाहीत, तर मी सुटले. दोष अंड्याचा किंवा शुक्राणूचा. माझी सही खरी ठरली, सर म्हणाले तेच बरोबर. आणि विभागली, तर त्या बाईची स्वतःच्या मुलाची आशा जिवंत, पण मागची सहा माझ्या हाताने गेली हे पक्कं. मी देवाकडे काय मागावं? मी दुसरंच, म्हणजे विभागणीच, मागत होते, असं इथे लिहिते आहे. पण एखाद्या सकाळी, लॅबच्या पायऱ्या चढताना, पहिलंही मागून बसायचे. ते लपवण्यात अर्थ नाही.

जानेवारीत सात पिकलेली अंडी मिळाली. मौसमी माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसली. आमचा करार असा होता, की सुई टेकवण्याआधी मी थांबायचं, तिने पडद्यावर बघून "हो" म्हटल्याशिवाय दाबायचं नाही. थिएटरच्या खिडकीवर तिने कागद चिकटवला होता: आमचं झाल्यावर आम्ही सांगू.

"खाली," ती म्हणायची. "अजून खाली. हो."

एरवी वीस मिनिटांत उरकणाऱ्या कामाला एक तास लागला. माझा पाय सारखा हलत होता, स्टूल टकटक वाजत होतं. मौसमीने न बोलता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि शेवटच्या अंड्यापर्यंत उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा अंडी फलित झालेली दिसली. मी संख्या लिहिली आणि मग श्वास रोखून पुन्हा पाहिलं. पाचांत दोन्ही केंद्रकं मधोमध, एकमेकांना टेकून बसलेली. सहाव्यात थोडं अंतर होतं. पण केंद्रकं जवळ येणं वेगळं आणि विभागणी वेगळी. ती दुपारी होणार होती.

इन्क्युबेटरचं दार उगाच उघडायचं नसतं. आतलं तापमान आणि हवा बिघडते. त्यामुळे आत काय चाललंय हे माहीत नसताना बाहेर वाट बघायची, हा आमच्या कामातला सगळ्यात वाईट भाग. मी रजिस्टरच्या कडा सारख्या केल्या. पेनं रंगांप्रमाणे लावली. खाली जाऊन चहा घेतला, अर्धा टाकून वर आले. दोन वाजता मी दाराशी गेले, तर मौसमी आडवी आली. "तीन वाजता. एकदाच." अडीचला सर स्वतः लॅबच्या दाराशी येऊन गेले, काही न विचारता.

तीन वाजता मौसमीने डिश काढली. मी मायक्रोस्कोपला डोळे लावले.

पहिलं. दोन पेशी, सारख्या. दुसरं. दोन. तिसऱ्यात मध्ये खाच पडत होती, माझ्या डोळ्यांदेखत. चौथं, पाचवं, दोन दोन. सहावं अजून एकच.

"किती?" मौसमीने विचारलं.

मी पाच बोटं दाखवली. ती हसली, आणि मग माझ्याकडे बघून थांबली. मी रडत होते आणि ते कशासाठी, हे मला तरी कुठे धड सांगता आलं असतं.

मी फोन लावला.

"ताई, किती?"

"सहापैकी पाच. व्यवस्थित. दोन दोन सारख्या पेशी."

रेखाताई सावकाश म्हणाल्या, "म्हंजे माझी अंडी चांगली हायेत."

"चांगली आहेत."

"मागल्या वेळची बी?"

हा प्रश्न येणार हे मला तीन महिने माहीत होतं. उत्तरही तयार होतं, नीट जुळवलेलं, त्यात शक्यता आणि पुरावा असे शब्द होते. ते मी बोलले नाही.

"हो," मी म्हटलं. "मागच्या वेळचीपण चांगली होती."

त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगते. पहिल्यांदा सोडलेलं भ्रूण रुजलं नाही. गोठवून ठेवलेल्यांतलं एक फेब्रुवारीत सोडलं, ते रुजलं. जाधव सीमेवर गेले, रेखाताई गावी गेल्या, तिकडेच मुलगी झाली. जाधवांनी मला फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही, आणि मीही विचारलं नाही. जुना रिपोर्ट सरांनी रद्द केला. दुसरा लिहिला, त्यात कारण म्हणून प्रक्रियेतली चूक असं आहे आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत. रेखाताईंनी त्याच्या दोन प्रती मागून घेतल्या. एक सासूबाईंसाठी होती, दुसरी कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही.

लॅबमध्ये आता आखूड शेपटीच्या केसला दोघी जणी बसतो, आणि पूजेच्या आधी दिवसाला तीनच केस घेतो. त्याने चुका संपल्या असं मी म्हणणार नाही. माझ्या धंद्यात "अंडं खराब" हे शब्द फार लवकर लेखणीत येतात, कारण अंडं उलट बोलत नाही. ते लिहिण्याआधी आपलाच हात एकदा पडद्यावर पाहून घ्यावा. त्याला तासभर लागतो. मला चार दिवस लागले, सांगायला आणखी दोन आठवडे, आणि तोवर तो दोष रेखाताईंच्या पदरात पडून राहिला.